स्वयंपाकघरांतील भिंतीवरचे दिवे

चांदूर रेल्वेच्या स्टेशनावर रुळांच्या डोक्यावरून जी तार गेली आहे तिच्यांत २५,००० व्होल्टचा दाब खेळतो. शेजारीं धोक्याची पाटी आहे, पाटीवर कवटी आहे, आणि शाळेंत जाणारें पोरहि त्या तारेजवळ हातांतली छत्री उंच धरीत नाहीं. तेंच पोर घरीं येऊन ओल्या हातानें स्वयंपाकघरांतलें बटण दाबतें आणि त्याला कोणी हटकीत नाहीं. कारण घरांतला दाब अवघा २३० व्होल्टचा. या ‘अवघा’ शब्दाविषयींच आज मला बोलावयाचें आहे. निमित्त मात्र अगदीं साधें, म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवे दिवे बसविण्याचें.

हे दिवे हवेत कशाला, असें एखादा गृहस्थ विचारील. त्यानें एकवार सायंकाळीं ओट्याशीं उभें राहून तांदूळ निवडून पाहावेत. पूर्वीं चुलीपुढें पाटावर बसून स्वयंपाक होत असे; तेव्हां खोलीच्या मध्यावर टांगलेला एक दिवा कसाबसा पुरत होता. पुढें ओटा आला, तो भिंतीला टेकला, आणि स्वयंपाक करणारीची पाठ दिव्याकडे झाली. दिवा मात्र होता तेथेंच राहिला. तेव्हांपासून आमच्या घरोघरच्या गृहिणी स्वतःच्याच सावलींत भाजी चिरीत आहेत, आणि बोट कापलें तर दोष विळीला देत आहेत. ओट्यावरील भिंतीवर, डोळ्यांच्या पातळीहून थोडे वर, एक-दोन लहान दिवे लावले कीं ही सावली नाहींशी होते. ९ वॅटचा एल्. ई. डी. दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. तेव्हां बिलाची काळजी करण्याचें कारण नाहीं. काळजी घ्यावयाची ती निराळी, आणि ती आमच्या घरीं आम्हांला किंमत देऊन कळली.

कांहीं वर्षांपूर्वीं हौसेनें आम्हीं ओट्यावर पितळी बैठकीचा एक दिवा लावून घेतला. काम करणारा मनुष्य ओळखीचा, हाताचा चलाख. तासाभरांत काम आटोपून, चहा पिऊन गेला. दिवा दोन वर्षें उत्तम जळला. मग श्रावणांतल्या एका सायंकाळीं सूनबाईनें भांडीं विसळतां विसळतां, दिव्याच्या बैठकीवर फोडणीच्या तेलाचीं पुटें चढलेलीं पाहून, ओल्या फडक्यानें ती पुसावयास घेतली. पायाखालची फरशीहि ओली होती. मी ओसरीवर होतों. भांडें पडल्याचा आवाज ऐकून आंत गेलों तों ती भिंतीला पाठ टेकून खालीं बसली होती. चेहरा पांढराफटक, आणि उजवा हात डाव्या हातानें घट्ट धरलेला. हात झटक्यासरशीं मागें फेंकला गेला म्हणून ती वांचली. तो आंखडून बैठकीलाच धरून बसता तर हें भाषण मी आज करीत नसतों. “मामंजी, दिवा तर बंद होता!” एवढेंच ती पुनःपुन्हा म्हणत होती.

तिचें म्हणणें खरें होतें. बटण बंद होतें, आणि फ्यूजहि शाबूत होता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. विजेचें शास्त्र मला येत नव्हतें. पण प्रश्न मांडतां येत होता, आणि तो तीन भागांचा होता. बंद दिव्यांत वीज आली कोठून? पितळेच्या बैठकींत ती उतरली कशी? आणि एवढें होऊनहि फ्यूज स्वस्थ कां बसला? हीं तीन उत्तरें ज्याला समजलीं त्याला भिंतीवरच्या दिव्याचें निम्मे काम समजलें.

पहिलें उत्तर बटणाचें. मीटरपासून घरांत दोन तारा येतात. एक फेज, दुसरी न्यूट्रल. दिवा या दोहोंच्या मध्यें असतो, आणि दोहोंपैकीं कोणतीहि एक तोडली तरी तो विझतो. येथेंच फसगत होते. बटण फेजच्या तारेवर असेल तर तें बंद करतांच दिव्यापर्यंतची तार निर्जीव होते. तें चुकून न्यूट्रलवर बसविलें असेल तर दिवा तसाच विझतो, पण फेज दिव्याच्या होल्डरापर्यंत येऊन रात्रंदिवस उभी राहते. पाहणाऱ्याला दोन्हीं दिवे सारखेच बंद दिसतात. आमचें बटण न्यूट्रलवर होतें. एल्. ई. डी. दिवा बंद केल्यावरहि अंधारांत काजव्यासारखा मंद तेवत राहिला तर ही उलटापालट झाली असण्याचा एक संभव असतो. तेव्हां तें कौतुकानें पाहत न बसतां वायरमनला बोलवावें.

दुसरें उत्तर बैठकीचें. आम्हीं कंजुषीनें त्यांत जुनाच ६० वॅटचा तापणारा बल्ब वापरला होता. त्याच्या उष्णतेनें आंतल्या तारेचें वेष्टन करपून फुटलें आणि उघडी तार पितळेला टेकली. अशा वेळीं कामास यावी म्हणून धातूच्या प्रत्येक बैठकीला एक तिसरी, हिरवी तार जोडावयाची असते; तिला आपण अर्थिंग म्हणतों. ती तेथें नव्हतीच. तासाभरांत काम कसें आटोपलें तें तेव्हां कळलें.

तिसऱ्या उत्तराला थोडें गणित लागतें, आणि माझ्या मतें हें गणित प्रत्येक घरांत ठाऊक असावें. अँपियरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपियर. सुमारें १ मिलिअँपियर प्रवाह शरीरांतून गेला तर मुंग्या येतात. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनीं १९४० नंतरच्या दशकांत स्वेच्छेनें पुढें आलेल्या माणसांवर प्रयोग करून पाहिलें कीं, हातांतली सजीव तार आपण होऊन सोडतां येणें केव्हां बंद होतें. पुरुषांत तें सरासरी १६ मिलिअँपियरला, स्त्रियांत सुमारें साडेदहाला. त्यापुढें स्नायू आंखडतात आणि मूठ उघडत नाहीं. आणखी वाढल्यास श्वास कोंडतो, आणि ५० ते १०० च्या घरांत हृदयाची लय बिघडूं शकते. आतां ओल्या हाताच्या, ओल्या पायाच्या माणसाच्या शरीराचा रोध १००० ओहम धरा. २३० भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपियर. आमचा फ्यूज होता ६ अँपियरचा, म्हणजे ६००० मिलिअँपियरचा. मनुष्य मरून जाईल इतका प्रवाह त्याच्या लेखीं नगण्य! फ्यूज काय किंवा हल्लींची एम्. सी. बी. काय, तीं तारेचें आगीपासून रक्षण करण्यास ठेवलेलीं असतात. माणसाचा हिशेब त्यांच्याकडे नसतो. आपला ९ वॅटचा इवलासा दिवासुद्धां निदान ४० मिलिअँपियर घेतो.

मग अर्थिंग असतें तर काम भागलें असतें काय? बहुतेक पुस्तकें ‘होय’ म्हणून मोकळीं होतात. आम्हां वऱ्हाडकरांना मात्र येथें जरा थांबावें लागतें, कारण आमची माती. तिसरी तार शेवटीं जाते ती घरामागच्या खड्ड्यांतल्या नळीला. तज्ज्ञांचा प्रघात असा कीं नळी अडीच मीटर लांब, उभी पुरलेली, आणि घराच्या पायापासून दीड मीटर तरी दूर असावी. आमची काळी माती ओली असतां विजेची उत्तम वाहक असते. पण वैशाखांत पारा ४५ अंशांपुढें गेला म्हणजे तीच माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नळीभोंवतींची मातीहि सुटून मध्यें पोकळी राहते. समजा, अशा वेळीं खड्ड्याचा रोध ५० ओहम झाला. दिव्यांत बिघाड होऊन फेज बैठकीला टेकली तर जमिनींत जाणारा प्रवाह २३० भागिले ५०, म्हणजे ४.६ अँपियर. ६ अँपियरची एम्. सी. बी. त्यानें पडणार नाहीं, आणि बैठकीवर जवळजवळ सगळा दाब तसाच राहील. हिरवी तार आहे, खड्डा आहे, पावतीहि आहे. आणि संरक्षण नाहीं.

म्हणून उन्हाळ्यांत तुळशीला जसें पाणी घालतां तसें आठवड्यांतून दोनदां अर्थिंगच्या खड्ड्यालाहि घालावें. खड्ड्यावर फरशी टाकून ती चुन्यानें पक्की करणारे लोक मीं पाहिले आहेत. पाणी जाईल कोठून? अकोल्याकडे पूर्णेच्या खोऱ्यांतल्या खारपाणपट्ट्यांत गोष्ट उलट आहे. तेथील क्षारांमुळें जमिनींतून वीज चांगली वाहते, पण तेच क्षार लोखंडी नळी खाऊन टाकतात. तेथें पाण्यापेक्षां नळीची तपासणी महत्त्वाची.

या सगळ्यावर एक चांगलें साधन आज मिळतें, आणि दिव्याच्या अगोदर पैसे खर्च करावयाचे तर यावर करावेत, असें माझें स्पष्ट मत आहे. त्याचें नांव आर्. सी. सी. बी. त्याचें तत्त्व वाण्याच्या वहीसारखें आहे. फेजमधून जेवढा प्रवाह घरांत गेला तेवढाच न्यूट्रलनें परत आला पाहिजे. दोन्हीं तारा एका लोखंडी कड्यांतून जातात. जमाखर्च जुळला कीं कडें शांत. कोठें ३० मिलिअँपियरची तूट दिसली, म्हणजे तेवढा प्रवाह भलत्या वाटेनें, कदाचित् एखाद्या माणसाच्या अंगांतून, जमिनींत जात असला, कीं तें साधन फार तर ०.३ सेकंदांत वीज तोडतें. तूट पांचपट किंवा अधिक असेल तर ०.०४ सेकंदांत. वर सांगितलेल्या ५० ओहमच्या रखरखीत खड्ड्यांतहि त्याचें काम अडत नाहीं. हें तत्त्व व्यक्तीच्या संरक्षणासाठीं सुटसुटीत स्वरूपांत आणण्याचें श्रेय त्याच डॅल्झिएल यांना, १९६१ च्या सुमारास, दिलें जातें. एक मर्यादा मात्र ध्यानांत असूं द्यावी. एका हातांत फेज आणि दुसऱ्यांत न्यूट्रल अशा रीतीनें कोणी दोन्हीं तारा धरल्या तर जमाखर्च बरोबर जुळतो आणि साधन गप्प राहतें. तसेंच ३० हा आंकडा पाहून घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपियरचीं साधनेंहि दुकानांत असतात, पण तीं माणसासाठीं नव्हेत.

आतां काम कोणीं करावें? बल्ब, फ्यूज किंवा मोडकें बटण बदलणें घरच्या माणसाला कायद्यानें मोकळें आहे. नवा दिवा बसवून नवी तार ओढणें हें मात्र परवानाधारक ठेकेदाराचें काम. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमांत हें होतेंच, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पुढील सुरक्षा-विनियमांतहि तोच भेद कायम ठेवला आहे. तेव्हां मी पुढें सांगतों तें आपण स्वतः पक्कड घेऊन भिंतीवर चढावें म्हणून नव्हे. काम चाललें असतां शेजारीं उभें राहून काय पाहावें आणि काय विचारावें, एवढ्यासाठींच.

प्रथम सर्किट. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटावर फार तर १० जागा किंवा ८०० वॅट, असा आपल्याकडील नियम आहे. नव्या दिव्यांची भर घातल्यावर बेरीज यापुढें जात नाहीं ना, हें मोजावें. दिव्याला तार सोईची म्हणून मिक्सर किंवा शेगडीच्या १६ अँपियरच्या प्लगांतून ओढणारे महाभाग आहेत. तसें करूं देऊं नये. १६ अँपियरच्या एम्. सी. बी. मागें बारीक तार जोडली तर एम्. सी. बी. पडण्याअगोदर तार तापूं शकते. दिव्याला तांब्याची १.५ चौरस मिलिमीटरची आय्. एस्. आय्. खुणेची तार आणि ६ अँपियरची एम्. सी. बी. असावी. जुने वायरमन अजून ३/२२ ची तार म्हणतात. त्यांना तीच भाषा समजते, तीच बोलावी. दुसरी खोड म्हणजे न्यूट्रल उसना घेणें. फेज स्वयंपाकघराच्या सर्किटांतून आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून माजघराच्या सर्किटांतून! दिवा लागतो खरा, पण वहीचा जमाखर्च दोन दुकानांत वांटला गेल्यामुळें आर्. सी. सी. बी. उगाच पडत राहते. पुढें एखादा त्रासून ती काढूनच टाकतो.

भिंतींतली झिरी नेहमीं सरळ उभी किंवा सरळ आडवी खोदावी, तिरपी कधींहि नाहीं. दहा वर्षांनीं कोणी देवाच्या तसबिरीसाठीं खिळा ठोकील तेव्हां दिव्याच्या वर-खालीं तार असणार एवढें त्याला अंदाजानें कळलें पाहिजे. गिलावा करण्यापूर्वीं मोबाइलवर भिंतीचें एक छायाचित्र घेऊन ठेवावें. आमच्या वेळीं ही सोय असती तर पुष्कळ भिंती वांचल्या असत्या. जुन्या पांढऱ्या मातीच्या भिंती असतील तर झिरी खोदण्याचा हट्ट धरूं नये. त्यांत खिळा धरत नाहीं, ओल मात्र धरते, आणि उंदीर आपली वाट काढतात. अशा भिंतीवर बाहेरून प्लॅस्टिकची पट्टी नेणें दिसावयास थोडें कमी, पण निर्धोक. जोड कोठेंहि पडला तरी तो उघडतां येणाऱ्या डबींत, स्क्रूच्या कनेक्टरांत असावा. पीळ देऊन, चिकटपट्टी गुंडाळून, भिंतींत पुरलेला जोड म्हणजे आगीची तयारी.

जागेविषयीं थोडक्यांत. दिवा शेगडीच्या अगदीं डोक्यावर नसावा आणि नळाच्या शिंतोड्यांतहि नसावा. बटणें मोरीपासून व शेगडीपासून हातभर दूरच. गॅस हवेहून जड असल्यामुळें तो जमिनीलगत साचतो. वास येतांच बटण लावूंहि नये आणि बंदहि करूं नये, कारण दोन्हीं वेळां ठिणगी पडते. पुसतां येईल अशा झांकणाचा दिवा घ्यावा. आणि होईल तर पितळेचा मोह सोडून, ज्याच्यावर चौकोनांत चौकोन अशी खूण असते तो दुहेरी वेष्टनाचा घ्यावा. त्याला अर्थिंगची गरज नसते. तरीहि हिरवी तार तेथपर्यंत आणून ठेवावी. पुढें कोणी पुन्हां पितळेचा लावील.

काम सुरू होण्यापूर्वीं वीज बंद करावयाची, आणि येथें हल्लीं एक नवाच सांपळा तयार झाला आहे. मेन स्विच पाडला कीं घर निर्जीव झालें, असें आमची पिढी मानीत आली. आतां घरोघर इन्व्हर्टर आहे, आणि इन्व्हर्टरवर जोडलेले असतात ते नेमके दिवे नि पंखे. मेन पाडतांच इन्व्हर्टरला वाटतें वीज गेली, आणि तो इमानानें त्याच तारेंत पुन्हां २३० व्होल्ट सोडतो. म्हणून आधीं इन्व्हर्टर बंद, मग मेन बंद. आणि बोर्डावर ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी, शक्य तर कुलूप. घरांतलें कोणी तरी दुकानांतून येऊन ‘अरे, मेन कोणीं पाडला’ म्हणत तो वर करील, याचा नेम नाहीं. त्यानंतरहि टेस्टरनें पाहावें, आणि पाहतांना आधीं दुसऱ्या सजीव प्लगांत टेस्टर पेटतो ना हें बघून, मग कामाच्या तारेवर लावून, पुन्हां त्या सजीव प्लगांत लावून बघावें. बिघडलेला टेस्टर आणि निर्जीव तार दिसतात सारखींच. रंगांवर तर विश्वास ठेवूंच नये. लाल फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची हा आपल्याकडील जुना रिवाज खरा. पण तारेचें भेंडोळें संपलें म्हणून हिरव्या तारेंतून फेज नेणारा मनुष्य जगांत आहे.

बोर्डांतल्या प्रत्येक एम्. सी. बी. खालीं ती कशाची हें लिहून ठेवावें. आमच्या अमरावती जिल्ह्यांत एक चांदूर रेल्वे आणि एक चांदूर बाजार. नुसतें ‘चांदूर’ लिहिलेलें पत्र कोठें जाईल याचा भरंवसा नसतो. बोर्डावरचें नुसतें ‘दिवे’ हें नांवहि तसेंच.

काम झाल्यावर ठेकेदाराला तीन गोष्टी समोर करून दाखवावयास सांगावें: बटण फेजवर आहे ना, हिरवी तार बैठकीपासून खड्ड्यापर्यंत अखंड आहे ना, आणि ५०० व्होल्टच्या मेगरनें तारांचें वेष्टन १ मेगओहमच्या वर दाखवितें ना. चांगला माणूस रागावत नाहीं. जो रागावतो त्याचें काम पुन्हां तपासून घ्यावें.

आणि एवढें करूनहि कोणाला झटका बसलाच तर त्याला हात लावण्यापूर्वीं वीज तोडावी. तें तत्काळ साधत नसेल तर कोरड्या लांकडानें त्याला तारेपासून दूर करावें. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देण्यास आरंभ करून दुसऱ्याकरवीं १०८ ला फोन करावा. मनुष्य उठून बसला तरी त्याच दिवशीं डॉक्टरला दाखवावें. आम्हीं सूनबाईला दुसऱ्या दिवशीं नेलें, ही आमची चूक.

आमच्या घरीं तो पितळी दिवा गेला. ओट्यावर दोन साधे पांढरे दिवे आले, बोर्डांत आर्. सी. सी. बी. आली. तिच्यावर ‘टी’ अक्षराचें एक लहान बटण असतें. तें दाबल्यावर वीज गेली तर साधन ठीक आहे. खड्डा ठीक आहे कीं नाहीं हें मात्र त्यानें कळत नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तें सूनबाई स्वतः दाबते, मला दाबूं देत नाहीं. दिवे लागले त्या संध्याकाळीं तिनें ओट्याशीं उभें राहून पाहिलें आणि म्हणाली, “मामंजी, डावा दिवा टीचभर इकडे असता तर पोळपाटावर सावली पडली नसती.” ठेकेदार अजून चहाच पीत होता. त्यानें कप खालीं ठेवला, इन्व्हर्टर बंद केला, मेन पाडला, आणि टेस्टर घेऊन पुन्हां स्टुलावर चढला.